सांध्यातली फुंकर

“फुंकू नकोस, सिग्ने. त्याला आपलं आपण निजू दे.”

हा आवाज योर्दिसचा. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी वीज अंगात शिरून मी तापू लागलो की माझ्या लाकडी मुठीत तो घुमू लागतो. आधी अगदी हळू, बर्फाखालच्या पाण्यासारखा. मग स्पष्ट. शेजारच्या खिळ्यावरच्या पक्कडीला तो ऐकू येत नाही. मी तिला विचारून पाहिलं आहे.

मित्रांनो, मी एक जुना सोल्डरिंग आयर्न आहे. तारेला तार पिळायची, वर राळ आणि कथलाची मऊ तार धरायची, आणि मी माझं तापलेलं टोक टेकवायचं. कथील वितळून दोघींना कवेत घेतं आणि गार झालं की त्या दोघी एक होतात. याला डाख देणं म्हणतात. माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तांब्याचं टोक, पोलादी नळी आणि बर्चच्या लाकडाची मूठ, एवढाच माझा देह. आगगाडीने आणि मग दुधाच्या ट्रकने प्रवास करत मी स्वीडनच्या पार उत्तरेला, नदीकाठच्या या वस्तीत पोचलो. पार्सल योर्दिसने उघडलं. मला तळहातावर तोलून ती म्हणाली, “वजन बरं आहे. उतावळा नाही वाटत.”

एवढ्या वर्षांत माझी अशी पारख दुसऱ्या कुणी केली नाही.

योर्दिसचं गॅरेज म्हणजे लाल रंगाची एक लाकडी खोली. तिथे मी काय काय जोडलं! बर्फावरच्या स्कूटरी, जंगलात लाकूड ओढणाऱ्या यंत्रांचे रेडिओ, चर्चमधला कर्णा, बहिऱ्या शिक्षकाचं कानातलं यंत्र. पण खरं काम गाड्यांच्या दिव्यांचं. इथे डिसेंबर लागला की सूर्य जातो, तो जानेवारी बराच सरेपर्यंत तोंड दाखवत नाही. भर दुपारी आभाळ नुसतं निळं होतं आणि तासाभरात पुन्हा मिटतं. त्या अंधारात रस्त्यावर रेनडियर येऊन उभे राहतात. ते पळत नाहीत. नुसते बघत राहतात. म्हणून इथला प्रत्येकजण गाडीच्या नाकावर आणखी दोन मोठे दिवे बसवून घेतो. त्यासाठी गाडीची मूळ तार कापावी लागते आणि तिच्यात नवी तार मिसळून डाख द्यावा लागतो. तो एक सांधा बिघडला तर नवे दिवे जातात आणि जुनेही.

म्हणून योर्दिस डाख दिला की हात काढून घ्यायची आणि गुणगुणायची:

*राळ रडू दे, कथील वितळू दे,*
*तारेचं मन तारेला कळू दे;*
*हलवू नको, फुंकू नको,*
*निजलंय लेकरू, उठवू नको.*

गाणं संपलं की सांधा गार झालेला असायचा. आरशासारखा चमकायचा. घाईने फुंकर मारली तर कथील दचकतं, आत बारीक चिरा पडतात आणि वर राखाडी साय धरते. असा सांधा कामाला लागतो, दिवा पेटवतो, महिनोन्‌महिने फसवतो. योर्दिस त्याला थंड सांधा म्हणायची. “त्याच्यात फुंकणाऱ्याचा श्वास अडकलेला असतो,” ती म्हणायची, “आणि श्वास कधीतरी बाहेर पडायला बघतोच.”

हे बोलणं ऐकून माझंसुद्धा तापलेलं टोक शहारायचं.

योर्दिसनंतर मी तिच्या मुलीच्या, सिग्नेच्या हातात आलो. हात तसाच रुंद, मायाळू, गाणंही तेच. “योर्दिसचा सांधा” हा शब्द वस्तीत तसाच राहिला. लोक गाडी सोडून निर्धास्त घरी जात. त्या दिवसांत मी खूप सुखी होतो, मित्रांनो.

सिग्नेला एक धाकटा भाऊ. अल्वार. नदीच्या पलीकडे त्याचं पिवळं घर. तो टपाल वाटायचा, स्वतःच्याच जुन्या लांबलचक गाडीतून. शेजारच्या जागेवर त्याचा कुत्रा मुर्रे, पार्सलांवर हनुवटी टेकून बसलेला. भावंडं दिवसातून एकदा तरी भांडत, आणि भांडण संपेपर्यंत इथल्या रीतीने कॉफीत टाकलेलं चीज मऊ झालेलं असे.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका सकाळी अल्वार आला. जुन्या मोठ्या दिव्यांपैकी एक फुटला होता, म्हणून तो नवी जोडी घेऊन आला होता. बाहेर उणे एकतीस. त्याची गाडी एवढी लांब की नाक आत घेतलं तर शेपूट दाराबाहेर राहायचं. दार उघडंच ठेवावं लागलं, आणि थंडी आत येऊन आमच्या मधोमध उभी राहिली.

माझं टोक तापता तापेना. जी काही ऊब होती ती वाटेतच गारठत होती. सिग्नेने जुना सांधा कापून टाकला, नव्या तारा पिळल्या, मला बराच वेळ टेकवून ठेवलं. शेवटी कथील वितळलं. तिने हात मागे घेतला आणि गुणगुणायला सुरुवात केली.

“झालं?” अल्वार पाय आपटत म्हणाला. “सोळा घरं राहिलीयेत अजून.”

“गार होऊ दे.”

“उणे एकतीस आहे बाई! अजून किती गार करणार? पाळण्यात घाल त्याला. हवं तर मुर्रे झोका देईल.”

मुर्रेने शेपटी हलवली. सिग्ने हसली. आणि हसता हसता तिने ओठांचा चंबू केला आणि सांध्यावर फुंकर मारली.

एकच. छोटीशी. त्या थंडीत तिची पांढरी वाफ सांध्याभोवती क्षणभर घुटमळली आणि नाहीशी झाली. कुठे गेली ते मी पाहिलं.

सांधा राखाडी झाला. सिग्नेनेही तो पाहिला. तिचा अंगठा त्याच्यावर थांबला. मग तिने त्यावर काळी रबरी नळी सरकवली, गरम हवेने घट्ट बसवली, आणि सगळं कसं नीटनेटकं दिसू लागलं. दिवे लावले तर नदीपर्यंतचा बर्फ झगझगला.

“वा!” अल्वार म्हणाला. “आता मला परमेश्वराचं घरसुद्धा दिसेल.”

दुपारी दोन वाजता, काळोखात, त्याची गाडी रस्ता सोडून बर्चच्या झाडांत घुसली. दोन रेनडियर गेले. अल्वारचा गुडघा कायमचा ताठला. मुर्रे पार्सलांखाली सापडला.

अल्वार एकच सांगत राहिला. “सगळे दिवे गेले. एकदम. कुणीतरी डोळ्यांवर हात ठेवावा तसे.” तपासनिसाने गाडी शहरातल्या उबदार शेडमध्ये नेली. उरलेला एक मोठा दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. उबेत थंड सांधा अंग फुगवतो आणि अगदी शहाण्यासारखा वागतो. तपासनीस म्हणाला, “दिव्यांना काही झालेलं नाही. डुलकी लागली असेल.”

“डुलकी?” अल्वार बहिणीला म्हणाला. अपघातानंतर तो प्रथमच, काठी टेकत, गॅरेजमध्ये आला होता. “मी खांबावरची काळी पिशवी बघितली, सिग्ने. वळणावरची. म्हणून तर मोठे दिवे लावले. झोपलेल्या माणसाला पिशवी दिसते का?”

कळप जवळ आला की रेनडियरवाले रस्त्याकडेच्या खांबाला काळी प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. वारा नसला तरी ती हलते. लांबून वाटतं, कुणीतरी मान वाकवून उभं आहे.

सिग्ने त्याच्याकडे पाठ करून नटबोल्टांचे पाने खिळ्यांवर लावत होती. “पिशव्या काय, हिवाळाभर लोंबत असतात,” ती म्हणाली. “रोज बघतोस. तीच आठवत असेल.”

त्याने काठीचं टोक जमिनीवर घासलं. मग म्हणाला, “असेल.”

त्या एका शब्दात त्याचं काय काय गेलं ते मी ऐकलं. गुडघा आधीच गेला होता. आता स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला.

पंधरा दिवसांनी आइलो त्याची स्कूटर घेऊन आला. कळप त्याचाच. मी तेव्हा सिग्नेच्या हातात होतो, तापलेला. आइलो म्हणाला, “रेनडियरचं जाऊ दे, ते काय परत यायचे नाहीत. पण तुझ्या भावाला एक सांग. ती पिशवी मी त्याच दुपारी बारा वाजता बांधली. त्याआधी तिथे काही नव्हतं. त्याने बरोबर पाहिलं.”

“सांगते,” सिग्ने म्हणाली.

आइलो गेल्यावर तिने माझी वीज बंद केली. मी गार होईपर्यंत मला तसंच हातात धरून ती बसली. मग मला खिळ्यावर टांगलं. पुढे तीन वर्षं ती तारा चिमट्याने दाबून जोडत राहिली. आणि तिने अल्वारला काहीही सांगितलं नाही.

मित्रांनो, खिळ्यावरचं आयुष्य फार लांब असतं. माझ्या टोकावर काळी पुटं चढली. मुठीवर कोळ्याने घर केलं. पण मला झोप लागत नसे, कारण खिडकीतून ती गाडी दिसायची. सिग्नेने ती भंगारात जाऊ दिली नव्हती. अंगणात, ताडपत्रीखाली, तोंड नदीकडे करून ठेवली होती. बॅटरीला वीज लावून ठेवली होती. दर शनिवारी ती ताडपत्रीखाली शिरून दिवा लावून पाहायची. दिवा लागायचा. ती बाहेर यायची. दिवा लागल्याचा तिला आनंद होई की दुःख, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कधी कळलं नाही.

या डिसेंबरात, सूर्य गेल्याच्या पहिल्याच शनिवारी, दिवा लागला नाही.

ती आत कितीतरी वेळ होती. खटका पुन्हा पुन्हा ओढल्याचा आवाज येत होता. मग ती धावतच बाहेर आली, किल्ली आणि खटका तसेच सोडून. घरात जाऊन तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता, आभाळ निळं होत असताना, ताडपत्री आतून उजळली.

आवाज नाही, माणूस नाही. एका डोळ्याची ती गाडी ताडपत्रीखाली हळूहळू पिवळी झाली, थरथरली, आणि विझली. थोड्या वेळाने पुन्हा. थंडी चढली की विझायची, उतरली की पेटायची. जणू आत कुणी श्वास घेत होतं, सोडत होतं. ताडपत्रीच्या फाटक्या कडेतून उजेडाची एक लांब पट्टी निघायची, बर्फावरून सरपटत नदी ओलांडायची, आणि पलीकडच्या पिवळ्या घराच्या खिडकीवर जाऊन थांबायची.

सिग्ने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. बंद करायला गेली नाही. तिला त्या गाडीजवळ जाववत नव्हतं.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी अल्वार आला. ढकलायची बर्फगाडी गॅरेजच्या दाराशी टेकवून तो आत आला, टोपी काढून बाकावर बसला. तो किती म्हातारा झाला होता! सिग्नेने कॉफी ओतली, चीजचे तुकडे टाकले. कुणी भांडलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट आहे.

अल्वारने खिशातून किल्ली काढून माझ्या खालच्या फळीवर ठेवली. “घराची आहे. सोमवारी किनाऱ्याकडे चाललोय. शहरात एक जागा आहे, डोकं ठिकाणावर नसलेल्यांसाठी. डॉक्टरांनी कागद दिलाय. सही केली की झालं.”

“वेडा आहेस का?”

“तेच तर म्हणतोय.” तो हसला, पण ते हसू त्याच्याच मिशीत विरलं. “मला दिवे दिसतात, सिग्ने. तुझ्या अंगणातून. भर दुपारी. लागतात, विझतात. त्या दिवशीसारखेच. मी खिडकीला घोंगडी लावली, तर घोंगडीतून दिसतात.”

सिग्नेने कप खाली ठेवला. “बर्फाची चमक असेल.”

आणि त्याच वेळी तो लागला.

खिडकीतून उजेड आत आला. भिंतीवर चढला. पक्कडीवर, माझ्यावर, अल्वारच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला. कॉफीतून निघणारी वाफ त्यात सोन्यासारखी दिसत होती. अल्वारने बहिणीकडे पाहिलं, एखाद्या बुडणाऱ्याने काठाकडे पाहावं तसं.

“हा,” तो कुजबुजला. “हा दिसतोय तुला?”

दिवे लागतात-विझतात हे कबूल केलं, तर सांधा कबूल करावा लागतो. सिग्नेच्या डोळ्यांत तो उजेड लख्ख दिसत होता. तरी ती म्हणाली, “कसला उजेड?”

दिवा विझला.

“बरं,” अल्वार म्हणाला. त्याने टोपी घातली. दाराशी जाऊन तो थांबला, पण वळला नाही. “एक राहिलं. त्या दिवशी मी तुझी फार घाई केली. थट्टाही केली, आईच्या गाण्याची. तेवढं मनात ठेवू नकोस. आणि मुर्रेला मी मारलं, ते मी पत्करलंय. तू माझ्यासाठी खोटं खोटं समजूत घालत बसू नकोस.”

सिग्ने उठली. मला वाटलं ती दाराकडे जाईल. पण ती भिंतीकडे आली. तीन वर्षांनी तिचा हात माझ्या मुठीभोवती मिटला. कोळ्याचं घर तुटलं.

“थांब,” ती म्हणाली. “घोंगडी आण तुझ्या बर्फगाडीवरची. मला आडोसा धरायला माणूस लागेल.”

तिने माझी वायर लांब करून दाराबाहेर नेली. बॅटरीची तार सोडवली. ताडपत्री ओढली तेव्हा वरचा बर्फ एखाद्या सुस्काऱ्यासारखा घसरून पडला. अल्वार गाडीकडे बघेना. पण त्याने ताठ गुडघा सांभाळत घोंगडी धरली, आणि आम्ही तिघं त्या तंबूत शिरलो. तोंडात विजेरी धरून सिग्नेने चाकूने काळी रबरी नळी चिरली.

आत तो होता. राखाडी, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा. त्याच्याभोवती केसाएवढी बारीक चीर गोल फिरलेली होती.

“हा असा का दिसतो?” अल्वार म्हणाला. “आईचे सांधे तर चमकायचे.”

 सिग्नेने माझं टोक फडक्याने घासलं. वीज माझ्या अंगात चढली, आणि मुठीत तो आवाज घुमू लागला. *फुंकू नकोस, सिग्ने.* तिचा हात मध्येच थांबला. मित्रांनो, त्या वेळी तो तिलाही ऐकू गेला, हे मी शपथेवर सांगतो.

तिने मला टेकवलं. राळ चरचरली, जंगलाचा वास आला. सांधा आधी हट्टाने तसाच राहिला, मग एकदम सैल झाला, आणि त्यातून धुराची एक बारीक पांढरी रेघ निघाली. ती वर गेली नाही. सिग्नेच्या ओठांपर्यंत आली, घुटमळली, आणि मग कुठे गेली ते या खेपेला मला दिसलं नाही.

तिने हात मागे घेतला. अल्वार सवयीने पुढे वाकला, ओठ पुढे करून.

“फुंकू नकोस,” ती म्हणाली.

ती गुणगुणू लागली. दुसऱ्या ओळीनंतर ती अडली. तिसरी ओळ अल्वारने म्हटली. चौथी दोघांनी.

मित्रांनो, हे गाणं चालू आहे तेवढ्यात तुम्हाला एक सांगतो, कारण म्हाताऱ्या हत्याराकडे दुसरं देण्यासारखं काही नसतं. वरची नळी काळी आणि गुळगुळीत आहे म्हणून आतला सांधा नीट आहे असं समजू नका. घाईत एखाद्या दिवशी फुंकर मारली जाते. कुणाचीही. पण तुमचा अंगठा तिथे थांबेल, तुम्हाला ते राखाडी दिसेल, तेव्हा नळी चढवू नका. तेव्हाच पुन्हा तापवा. आणि जुन्या हत्यारांना खिळ्यावर विसरू नका. आम्ही तिथे टांगलेले असतो, आणि सगळं पाहत असतो.

सांधा चमकला.

सिग्नेने बॅटरी जोडली. दिवा लागला. तिने तार धरून हलवली, पिळली, मुठीने बंपर बडवला. दिवा विझला नाही. उजेडाची ती पट्टी नदीपलीकडच्या खिडकीवर जाऊन स्थिर झाली, आणि पिवळ्या घराच्या काचेतून एक लहानसा दिवा आमच्याकडे बघू लागला.

अल्वारच्या हातून घोंगडी गळून पडली. “दिसतोय तुला?”

“दिसतोय,” सिग्ने म्हणाली. “मघाशीही दिसला होता. नऊ दिवस दिसतोय.”

तो तिच्याकडे बघत राहिला. ती मला दोन्ही हातांत धरून उभी होती. मी अजून तापलेला होतो, पण तिने मला खाली ठेवलं नाही.

“तू झोपला नव्हतास. ती पिशवी आइलोने त्याच दुपारी बांधली होती, त्याने मला येऊन सांगितलं होतं. दिवे खरंच गेले होते.” तिने श्वास घेतला, आणि तो श्वास बाहेर सोडताना ती म्हणाली, “त्या सांध्यावर फुंकर मी मारली होती, अल्वार.”